मुराळी बजेटात बसत नाही

१ एप्रिल, मंगळवार
नवीन आर्थिक वर्ष. आजपासून घरखर्च माझ्याकडे. सव्वीस वर्षं डाळ मिलचे हिशेब लिहिले, त्यापुढे घरचे ते काय? माणसं दोनच, मी आणि ही. मोहिनी डिसेंबरात लग्न होऊन शिरपूरला गेली, म्हणजे एक ताट कमी झालं. तरी महिनाअखेर हात रिकामे. कारण उघड आहे. मॅनेजमेंट नाही. ही पैसे डब्यांत ठेवते. किराण्याचे तुरीच्या डब्यात, लाइटबिलाचे पोह्यांच्या. याला पद्धत म्हणत नाहीत.

मिलबद्दल: मालकांनी कॉम्प्युटरवाला ठेवलाय. मला म्हणाले, दिवाणजी, सध्या घरी आराम करा, गरज लागली की बोलावतो. म्हणजे गरज लागणारच. तोवर मोहिनीला काही कळता कामा नये. तिच्या सासरी मी लग्नातच सांगून ठेवलंय की माझ्याशिवाय मिलमधलं पान हलत नाही.

जमा: पीएफचं व्याज. इतर जमा: ही लोकांचे उडदाचे पापड लाटून देते, त्याचे. इतर जमा मुख्य जमेपेक्षा मोठी निघाली. पण ती सीझनल आहे.

३ एप्रिल
भटू दूधवाल्याला निम्मं दूध टाकायला सांगितलं. यापुढे कोरा चहा. पित्ताला उत्तम.

संध्याकाळी फिरायला गेलो. चौकात दुधाचा चहा घेतला. 'दूध' या खात्यात न टाकता 'किरकोळ'मध्ये टाकला.

६ एप्रिल, रविवार
बाजार उठताना गेलं की भाजी मातीमोल मिळते, हे कोणाला सुचत नाही. वांग्यांची अख्खी पाटी आणली. ही पाटीकडे बघून एवढंच म्हणाली की एप्रिलातल्या वांग्याचं भरीत कोणी करत नाही, नुसत्या बिया असतात. मी म्हणालो, बियांत प्रोटीन असतं.

८ एप्रिल
तिसऱ्या दिवशीही भरीत. शेजारच्या भागाबाईंकडे वाटीभर पाठवलं. वाटी तशीच परत आली. बाईंना चव नाही.

१० एप्रिल
पारा त्रेचाळीसवर. कूलर दुपारी दोनच्या आत लावायचा नाही, असा नियम केला. फ्रिज कालपासून रात्री बंद. लाइटबिल निम्म्यावर येणार.

नासलेलं दूध सकाळी हिने ओतून दिलं. दूध तरी कुठे चांगलं येतंय. भटूला बोललं पाहिजे.

१२ एप्रिल, शनिवार
कूलरची मोटार जळाली. नियमाशी संबंध नाही. मी तिला तेल घातलं होतं.

पापड लाटता लाटता हिने विचारलं, "मुराळी कोन जाई?" मी म्हणालो, कशाचा? तर म्हणे, पोरनी पहिली आखाजी शे.

मला काय माहीत नाही? आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस सासरी जाऊन, पाहुणचार घेऊन, तिला घेऊन येतो. तोच मुराळी. हिच्या वेळी हिचा भाऊ बैलगाडी जुंपून आला होता. ते दिवस गेले. आता एस.टी. आहे, मोबाइल आहे.

मोहिनीला भाऊ नाही. म्हणजे मी जायचं. जायचं-यायचं तिकीट, विहीणबाईंना लुगडं, पेढे. शिवाय मुराळी गेला की ओसरीवर बसवतात, गप्पा निघतात, गप्पांत मिल निघते. वेळेचा अपव्यय. बजेटात हे खातं नाही.

१५ एप्रिल
तोडगा निघाला! बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. मोहिनी एकटी आली तर सगळा मुराळी अर्ध्या तिकिटात उरकतो. मुलगी बी.कॉम. आहे, तिला काय रस्ता दाखवायचाय? चोपड्यामार्गे सरळ जळगाव. व्हॉट्सअ‍ॅप टाकला: "आखाजीला नक्की ये. तिकीट अर्धं आहे." सोबत झोक्याचं चित्र.

थोड्या वेळाने उत्तर: "हो नाना. सीझनचं काम असेल. तब्येतीला जपा."

विषय संपला. हिला मेसेज वाचून दाखवला. ही तो 'हो' परत एकदा वाचायला लावून म्हणाली, ती एकली येवाव नही. बी.कॉम. झालेल्या मुलीचं मन हिला काय कळणार?

१८ एप्रिल
विहीणबाईंचा, सुनंदाबाईंचा फोन. घरच्या सगळ्यांची चौकशी झाली. मग हळूच, मुराळी म्हणून कोण येणार आहे? मी मोकळेपणाने सांगितलं की आता काळ बदलला, मुली शिकल्या, मोहिनी येईल एकटी. त्या म्हणाल्या, बरं.

सुधारक घर मिळालं पोरीला. हिला सांगितलं तर हिने लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, नुसतं 'बरं' म्हणाल्या? हो, नुसतं बरं. आणखी काय म्हणायला हवं होतं?

२२ एप्रिल
आंब्यांना हात लावू देत नाहीत, असे भाव. पण मोहिनी लहानपणी कोपरापर्यंत रस गळेस्तोवर आंबा चोखायची. तिच्या आंब्यांच्या खात्याला मर्यादा नाही, असा ठराव केला. पेटी आणली. खाटेखाली गवतात मांडली.

खर्च भरून निघण्यासाठी माझी बीपीची गोळी एक दिवसाआड.

२४ एप्रिल
चक्कर. उन्हाची असणार. हिने डब्यातून कुठूनसे पैसे काढून गोळ्यांची पाकिटं आणली. डबे रिकामे करून हिशेब माझ्याकडे दिला होता ना? यावर नंतर बोलेन.

२६ एप्रिल, शनिवार
भागाबाईंच्या अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला. दोर नवीन घेतला. जुना भागाबाई देत होत्या, पण लेकीच्या झोक्याला मागून आणलेला दोर मला चालणार नाही. मी स्वतः बसून पाहिला. फांदी करकरली, पण मोहिनी माझ्या निम्मी आहे.

ही खापरावरच्या पोळ्यांसाठी गहू निवडत बसली. निवडता निवडता म्हणाली, अजून चार दिवस शेत, तुम्ही जा. मी म्हणालो, तिने 'हो' लिहिलंय. ही म्हणाली, बापले पोर 'नही' कशी म्हनी? या प्रश्नाला काही अर्थ नाही.

२८ एप्रिल
गल्लीतल्या लेकी आल्या. भागाबाईंची मयुरी यावलहून आली, काका घ्यायला गेले होते. झोक्यावर रांग. मी सांगितलं, हा झोका मोहिनीचा आहे, तोवर बसा.

मोहिनीला फोन केला. उचलला नाही. नेटवर्क.

२९ एप्रिल, मंगळवार
तिला न्यायला जळगाव स्टँडवर गेलो. स्टँडवर जाणं म्हणजे मुराळीच की! तेही फुकट. शिरपूरची पहिली गाडी आली. तिच्यात नव्हती. दुसरी आली. तिच्यातून मुली उतरत होत्या, प्रत्येकीबरोबर बाप नाहीतर भाऊ. एकटी एकही उतरली नाही. लोक अजून किती मागासलेले आहेत!

कंट्रोलरला विचारलं, आणखी गाडी आहे का. आहे म्हणाला. तिचीही वाट पाहिली.

घरी आलो. हिने चूल पेटवून पुरण शिजत ठेवलं.

३० एप्रिल, आखाजी
सकाळी पितरांची घागर भरली. ही खापरावर पोळ्या करत होती, दर पोळीला दाराकडे बघत होती. भागाबाई आल्या आणि सरळच विचारलं, "बठ्ठ्या पोरी उन्यात, तुमनी कोठे शे?" मी म्हणालो, बाकीच्या आल्या असतील, आमचीची गाडी लेट आहे.

आमरसाची वाटी दुपारभर झाकून ठेवली.

संध्याकाळी ललितरावांचा फोन. जावई माणूस सज्जन, लाजत बोलतो. म्हणाले, नाना, वाईट वाटून घेऊ नका. मोहिनी सांगत होती की मालक तुम्हाला एक दिवसही सोडत नाहीत, तुमच्याशिवाय मिलमधलं पान हलत नाही, म्हणून मुराळी येणार नाही. आई जरा नाराज होती, पण मोहिनीने समजूत घातली. म्हणाली, नानांचं काम तसंच आहे. कालपासून पिशवी भरून बसली होती बिचारी, कोणी आलंच तर म्हणून. आत्ता रिकामी केली.

मी म्हणालो, हो, काम फार आहे.

फोन ठेवल्यावर हिला विचारलं, मोहिनीला मिलचं कोणी सांगितलं? ही म्हणाली, कोणी नाही. पाडव्याला दुपारी तिने फोन केला तेव्हा तुम्ही घरी होता. दुसऱ्या दिवशी केला तेव्हाही घरी. पोरीला तेवढं कळतं.

म्हणजे पाडव्यापासून तिला माहीत आहे. 'सीझनचं काम असेल' हे तिने सगळं माहीत असून लिहिलं होतं.

जेवण गेलं नाही.

१ मे
पहाटेच्या गाडीने शिरपूर. पेटीतले उरलेले आंबे आणि पेढे बरोबर. लुगडं हिने काढून दिलं, स्वतःचं, पाडव्याला घेतलेलं, घडी न मोडलेलं.

विहीणबाईंनी ओसरीवर बसवलं. चहा, फराळ, कशात कमी नाही. मी म्हणालो, आज सुट्टी म्हणून मालकांनी सोडलं, मोहिनीला घेऊन जातो. त्या म्हणाल्या, आता आखाजी झाली भाऊ. लोकांच्या सुना परवाच गेल्या. आमचीच तेवढी ओट्यावर बसली होती, गल्लीने पाहिलं. आता मागाहून नेली तर तेही गल्ली बघेल. पुढच्या वर्षी या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मोहिनी पाणी घेऊन आली. वाळली आहे. सगळ्यांसमोर विचारलं, नाना, मिल कशी चाललीय? मी म्हणालो, जोरात. ती म्हणाली, तब्येतीला जपत जा, सगळं तुमच्या एकट्यावर असतं. आणि तांब्या घेऊन आत गेली. मला फार रडू आलं. मी आंबा कापून मागितला.

निघताना सांजोऱ्यांचा डबा दिला. आईसाठी केल्या म्हणाली. डोळे पुसलेले होते.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ही दारातच उभी होती. माझ्यामागे रस्त्यावर बघितलं. मग विचारलं, "एकलाच उनात?"

मी म्हणालो, गाडीला फार गर्दी होती, पोरीला जागा मिळाली नाही.

ती बाजूला झाली. आत ताटं तीन मांडलेली होती. तिसरं मीच उचलून फळीवर ठेवलं.