आईच्या फ्रॉकचे कागद

१२ ऑगस्ट
सक्करदऱ्याच्या बुटीकवालीनं आईचे फ्रॉक कापायचे, मापाचे कागद नेऊन आज बावीस दिवस झाले. "दोन दिवसांत आणून देते ताई." हाव, दिले! आज फोनवर तिची जाहिरात दिसली. अंब्रेला फ्रॉक, गोल कॉलर, कमरेले पट्टा. आई खापरखेड्याच्या कॉलनीत साहेबांच्या बायकांसाठी शिवे, तोच. खाली काय लिहिलं, तं 'आमचं स्वतःचं रेट्रो डिझाइन'. स्वतःचं! डोकं फिरलं माझं. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी लागली, उसवत बसली.

१३ ऑ.
हुडकेश्वरहून ऑटोनं गेली तिच्याकडे. कागद टेबलावर पसरलेले, वर तिच्या कटिंग मास्टरचा चहाचा कप. म्हटलं, आईचं नाव टाका. तं म्हणे, "ताई, त्यांना कोण ओळखतं?"
अवं, तुले तरी कोण ओळखते? हे तिथं सुचलं नाही, ऑटोत सुचलं.
कागद वापस मागितले. "फॅशन शोपर्यंत राहू द्या ना, पेपरच तर आहे." पेपरच! आईनं घरं बदलली, भांडी विकली, पण ते कागद...

१६ ऑ.
आईले सांगावंच लागलं. मोतीबिंदूनं तिले फोन दिसत नाही, जाहिरात वाचून दाखवली. वाटलं रडते आता. तिनं एकच विचारलं, "माया ठेवली का वं तिनं?"
हसत सुटली मी! आईच्या कागदांत माया नाहीच. माया म्हंजे शिवणीच्या आत सोडायचं जास्तीचं कापड, ते ती कापताना बोटांनी मोजून सोडे. कागदावर कधी मांडलंच नाही. मास्टरले वाटलं असंल, माया धरूनच आहे. काप बापा, काप.

१९ ऑ.
आला फोन. "ताई, सगळे फ्रॉक तंग झाले, चेनच लागत नाही. रविवारी शो आहे. काय चुकलं?"
म्हटलं, डिझाइन तुमचं स्वतःचं, तुम्हालेच माहीत. अन् ठेवून दिला. लय बरं वाटलं, खोटं काहून बोलू.
आई उलटी माझ्यावरच चिडली. "तिकडं कापडाचा सत्यानाश होऊन राहिला अन् तू हसून राहिली?" म्हटलं, आधी नाव, मंग माया. आई धड जेवली नाही.

२१ ऑ.
बुटीकवाली घरी आली. हातात वही-पेन. कागद नाही आणले! मी दारातच अडवली, "पहिले लेबलवर आईचं नाव..." तेवढ्यात आतून आई, "ये वं पोरी, बस." अन् सांगून मोकळी. बाजूले दोन बोटं, खांद्याले एक, बाहीच्या मुंढ्याले अर्धं. मी 'आई, चूप बस' म्हणत राहिली, कोण ऐकते! बाई भराभर लिहून राहिली.
उठता उठता म्हणे, "आजी, नाव काय तुमचं? लेबलवर टाकते."
आईनं पदर सावरला. बाबांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, लिहिणारीले जमंल असं सावकाश. वही तोवर पर्समध्ये गेली होती.
दुपारपासून तीनदा विचारलं आईनं, "बरोबर लिहिलं ना वं तिनं?" तीनही बारी मी मशीन जोरात चालवली. रविवारी शोले मलेही ने म्हणते, लेबलवर हात फिरवून पाहीन.