वेल्डिंगचा उजेड आणि मामांची खबर

धामणगाव रेल्वे,
१० फेब्रुवारी १९६१

तीर्थस्वरूप नत्थुजी मामा आणि सौ. आशामामी यांच्या चरणी शालिकरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या दोघांची प्रकृती कशी आहे हे मी दर पत्रात विचारतो आणि उत्तराची वाट पाहत नाही. या खेपेस मात्र उत्तर पाहिजे, कारण आमच्या गावात आपण दोघेही वारलेले आहात.

घडले ते असे. आमच्या घरासमोरच्या जिनिंग कारखान्याचे लोखंडी फाटक कापसाच्या ट्रकने मोडले. ते जोडायला अमरावतीहून वेल्डिंगवाला आला. असले काम इकडे कोणी पाहिलेले नाही, म्हणून आई, बहीण मैना आणि मी ओट्यावर बसून सारी दुपार तो निळा उजेड पाहत होतो. वेल्डिंगवाला स्वतः तोंडापुढे काळ्या काचेची ढाल धरून होता आणि "पाहू नका, डोये जातीन" असे बजावतही होता. पण मी जत्रेतला काळा चष्मा लावला असल्यामुळे ते सांगणे इतरांसाठी आहे असे धरले. (तो मला शोभतो, असे मैना म्हणते.) आईला आणि मैनेलाही आळीपाळीने दिला.

पहाटे तिघेही डोळ्यांत रेती भरल्यासारखे उठलो. पाणी थांबेना, पापणी उघडेना. डॉक्टरांनी थेंब घालून तिघांनाही पट्ट्या बांधल्या. म्हणाले, त्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट म्हणून न दिसणारे किरण असतात, ते डोळा भाजतात. जत्रेतल्या काचेने चकाकी तेवढी कमी होते. माणूस निर्धास्त होऊन जास्तच पाहतो आणि किरण आत जातातच. त्याला वेल्डिंगचीच गडद काच लागते. डोळे दोन-तीन दिवसांत बरे होतील, असेही म्हणाले. आईला ते पटले नाही. ती ओट्यावर जाऊन रडत बसली.

तेवढ्यात शेजारची पार्वताबाई आली. आपण दोघे तापाने पडल्याची बातमी तिला होतीच. तिने विचारले, "कोन गेलं वो?"

आई म्हणाली, "दोन्ही गेले वो बाई, दोन्ही गेले."

पार्वताबाई तेवढ्यावरच गावात सांगायला निघाली.

दुसऱ्या दिवशी ओटा भरला. नात्यातली अमरावतीची केशरबाई मोटार स्टँडपासूनच रडत आली. लोक आपल्या दोघांचे गुण सांगू लागले, कोणाला संत्र्याची कलमे दिलीत तेही निघाले. आम्ही तिघे पट्ट्या बांधून मध्ये. मला वाटले, आपण गेल्याची तार आली असेल आणि ती मैनेने ऐकली असेल. मैनेला वाटले, आईला ठाऊक आहे. आई एवढेच म्हणाली, "भाऊ गेला अन् मले कोनी सांगतलं नाई." मामा, त्यानंतरचे तिचे रडणे डोळ्यांचे नव्हते. मीही रडलो.

पट्ट्या सुटल्यावर चौकशी केली, तर तार कोणाकडेच नव्हती. डोळे आता ठीक आहेत, पण आई जेवत नाही. आपले पत्र येऊन भागणार नाही, तिला वाचता येत नाही आणि मी वाचून दाखवले तर म्हणेल, "तू मनचं वाचून राहिला." तरी मिळेल त्या मोटारीने यावे. एकट्याने येऊ नये, नाहीतर मामींसाठी पुन्हा सुरू होईल.

आपला भाचा,
शालिकराम

ता. क. : हे पत्र दुसऱ्या कोणी उघडले असल्यास, तिकडे खरे काय ते कृपया कळवावे.

पुन्हा ता. क. : येताना अमरावतीत उतरून वेल्डिंगच्या गडद काचा घ्याव्यात. चार. (पार्वताबाईही बसणार आहे.) फाटकाचे दुसरे दार सोमवारी जोडणार आहेत. मामांना काचा आणायला लिहिले, असे आईला आत्ताच सांगितले, तर ती उठून जेवायला बसली. म्हणते, "मेल्या मानसाले कोनी काम सांगते का?" तेव्हा आपल्याला येणे न जमल्यास काचा तेवढ्या कोणाबरोबर तरी पाठवाव्यात.