बायचं खाचर

बाबा, यंदा मी पुन्हा भात लावला. अर्धा एकर. मलंगगडाच्या पायथ्याशी, दुसऱ्याच्या जमिनीत. आता पोटरीत आलाय, लोंबी अजून पानाच्या आतच आहे, पण हात फिरवला की गरगरीत लागतो. खरं म्हणजे तुला हे सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तू गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी फक्त भांडलेय, बोलले नाही. पण काल बांधावर बसून भाकरी खाताना तोंडातून निघूनच गेलं, "बाबा, बग कसा उठलाय." शेजारच्या शेतातली बाई वळून बघायला लागली. मी घाईघाईनं फोन कानाला लावला आणि उगाच हॅलो हॅलो केलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मेलेल्या बापाला भात दाखवतेय! मग घरी येऊन वही काढली. म्हटलं, बोलायचंच आहे तर सगळं बोलू, गोड तेवढंच कशाला?

तुला आठवतंय का, त्या खाचराला 'बायचं खाचर' कोणी म्हणायला लावलं? तूच. शीळफाट्याहून मानपाड्याकडे येणाऱ्या रस्त्यापासून आपली जमीन आत नाल्यापर्यंत जायची, आणि शेवटचं, सगळ्यात खोलगट खाचर ते. मी अकरा वर्षांची होते. आई धाकट्याची बाळंतीण, घरात पडलेली. माणसं मिळेनात आणि आवण, लावायची रोपं, तर पिवळं पडायला लागलेलं. मी म्हटलं, मी लावते. तू हसलास. दोन दिवस मी वाकलेली ती वाकलेलीच, पाय मागे मागे घेत सगळं खाचर एकटीनं लावलं. तू बांधावरून ओरडत होतास, "तीन काड्या लाव गो, पाच नको. भाताला पन पाय पसराला जागा लागते." संध्याकाळी अख्ख्या आळीत सांगत सुटलास, "ह्ये बायचं खाचर हाय, हितं कोनी पाय ठेवाचा नाय." तेव्हापासून गावात सगळे तेच म्हणायला लागले. पाणी सोडायचं असलं तरी लोक म्हणायचे, बायच्या खाचरातून सोड. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी काय पाहिजे असतं? मला वाटलं, माझं आहे.

लग्न करून मी डोंबिवलीला गेले म्हणजे काय लांब गेले का? रिक्षानं वीस मिनिटं. ह्यांची कंपनीत पाळी असायची, मुलगी लहान होती, तरी लावणीला मी दरवर्षी आलेय. भात निघाला की त्याच खाचरात माठ, मुळा, वाल करायची आणि मानपाड्याला रस्त्यावर टोपली घेऊन बसायची. बिल्डिंगमधल्या बायका नाकं मुरडायच्या, मग गुपचूप येऊन त्याच माठाच्या जुड्या न्यायच्या. धाकटा मात्र कधी चिखलात उतरला नाही. त्याचे पांढरे बूट! तू त्याला काही बोलायचा नाहीस. मला रोपांची मूठ जरा सैल सुटली तरी सगळ्यांसमोर झापायचास. मला त्याचंही कौतुक वाटायचं. मला वाटायचं, ज्याच्या हातात शेत द्यायचं त्यालाच माणूस ओरडतो.

मग तुझा फोन आला, उद्या कल्याणला ये, फोटो आण, रेशनकार्ड आण. कशाला म्हटलं तर म्हणालास, "आजाच्या नावावरची जमीन माझ्या नावावर चढवाची हाय. घरातल्या सगल्यांच्या सह्या लागतान." रजिस्टर कचेरीत ही गर्दी. मी सहा-सात पानांचा कागद हातात घेतला, पहिलं पान उलटलं, आणि तू पानावर हात ठेवलास. तुझा तो तळवा, चिखलानं कायमच्या भेगा पडलेला. "त्यात वाचाला काय हाय? बाप बसलाय ना हितं." मी लगेच कागद मिटला. लाज वाटली मला, बापावर संशय घेतल्यासारखं झालं म्हणून. साहेबांनी विचारलं, "ताई, वाचलंत का? मान्य आहे ना?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "हो साहेब, आमची बाय दहावी शिकलेली हाय." आणि मी मूर्ख, त्या कौतुकानं फुगून हो म्हटलं. अंगठा लावला. कॅमेऱ्यात बघून हसले पण असेन. कागद हक्कसोडीचा होता, बाबा, हे मला फार उशिरा कळलं. माझा या जमिनीवर आता कसलाही हक्क उरला नाही, मी तो राजीखुशीनं भावाच्या नि बापाच्या नावे सोडला, असं मी हसत हसत लिहून दिलं होतं.

त्या दिवशी तू मला मिक्सर घेऊन दिलास. बाहेरचा चहा प्यायला कुरकुरणारा माणूस, स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेलास आणि म्हणालास, चांगल्यातला घे. मी ह्यांना दाखवत सुटले, बघा, बाबांनी दिला. तो मिक्सर अजून चालतो. मेला बिघडत पण नाही. रोज सकाळी चटणी वाटताना त्याचा आवाज ऐकायचा आणि तुला शिव्या द्यायच्या, हा माझा नेम झाला. ह्यांनी दोनदा नवा आणायचं काढलं. मी म्हटलं, राहू दे, चालतोय ना.

पण कागदाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. कागद काय, लोक सख्ख्या बहिणींकडून भाऊबीजेच्या ताटावर सह्या घेतात. मला आत कुठेतरी जाळतंय ते त्यानंतरचं. त्या पावसाळ्यात तू मला लावणीला बोलावलंस. जमीन बिल्डरला विकून झाली होती, कागद झाले होते, मला पत्ता नव्हता, आणि तू मला बोलावलंस! तीन दिवस मी त्या खाचरात वाकले. तू बांधावर बसलेलास, माझ्या हातची सुकट-भाकरी खाल्लीस. "यंदा आवण बरा झालाय," असं पण म्हणालास. मी विचारलं, "बाबा, गप्प का रे?" तर म्हणे, "गुडघा दुखतो." गुडघा! मी घरी जाऊन तेल गरम करून दिलं तुला. का बोलावलंस रे? एक शब्द तरी बोलायचा होतास. मी चिखलात उभी होते, तू चार हातांवर होतास, तिसरं कोणी नव्हतं तिथे.

गणपती झाल्यावर मी एकदा बेणणीला आले. म्हटलं, गवत वाढलं असेल. रस्त्यावरून आत वळले तर वाटच नाही. निळे पत्रे. पत्र्यांच्या मागे मुरमाचे डंपर खाली होत होते. वॉचमन पुढे आला, "मौसी, किसको मिलना है?" मी म्हटलं, "मेरा खेत है अंदर." तो बिचारा गोंधळला. "खेत? ये तो साइट है." मी पत्र्याच्या फटीतून बघितलं. बाजूची सगळी खाचरं भरून झाली होती आणि माझ्या खाचरात नुकती सुरुवात केलेली. अर्ध्यात लाल मुरूम, अर्ध्यात भात उभा. फुलोऱ्यावर होता, बाबा. आणखी महिना-सव्वा महिना थांबले असते तर कापून झाला असता. पण कोणाला सांगणार, थांबा म्हणून?

तशीच तुझ्या घरी आले. पायाला चिखल नव्हता तरी मी सवयीनं बाहेर पाय धुतले. तू जेवत होतास. धाकटा म्हणाला, "तू सही केलीस ना ताई? मग आता काय तमाशा?" मी त्याच्याकडे बघितलंच नाही, मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, "बाबा, भात उभा आहे." तू घास गिळलास आणि म्हणालास, "भात काय गो, दुकानान पन मिलतो." बस्स. एवढंच बोललास तू. तेरा-चौदा वर्षं झाली, तो आवाज जात नाही कानातून. मी ताटावर बसले नाही. त्यानंतर आईसाठी येत राहिले, तुझ्याशी पाणी दे, औषध घे, यापलीकडे बोलले नाही, आणि दोन वर्षांत तू गेलास. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला.

शेती अशी सुटते होय? सोसायटीच्या आवारात मी रंगाचे चार डबे कापून भात लावला होता, माहितीये? सेक्रेटरीनं नोटीस लावली, डास होतात. मी त्याला म्हटलं, तुमच्या कारंज्यात होतात ते डास नाहीत का? शेवटी डबे उचलले. ह्यांनी गंमत केली, "आता बाथटबमध्ये लाव." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. गंमत होती, कळत होतं, पण लागलं.

मग मागच्या वर्षी बाजारात एक काकी भेटली. पंचाहत्तरीची, आपल्यातलीच, माठ विकायला बसलेली. मी जुडी हातात घेऊन म्हटलं, काकी, हा पाटाच्या पाण्याचा नाही, विहिरीचा आहे. ती बघतच राहिली. गप्पा झाल्या. तिचे गुडघे गेलेले, अर्धा एकर दोन वर्षं पडीक. मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडला राहतो, त्याला शेतीशी घेणंदेणं नाही. मीच म्हटलं, मला द्याल का कसायला? काकी म्हणाली, "घे की गो, गवतापेक्षा बरा." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. कपाटातून जुनी छत्री काढून दिली.

यंदाच्या मे महिन्यात काकीचा मुलगा गाडी घेऊन आला, हातात टाइप केलेला कागद. त्याचंही बरोबर आहे. दुसऱ्यानं जमीन कसली की उद्या तो कुळाचा हक्क सांगून बसेल, ही धास्ती इथल्या प्रत्येक जमीनवाल्याला असते. "काकू, फक्त फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला आणि पेन पुढे केलं. मी चष्मा लावला. ओटीवर बसून पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. तो दोनदा घड्याळात बघून गेला. माझा जमिनीवर हक्क नाही, ठीक. अकरा महिने, ठीक. मग एक ओळ आली: मालकाने सांगितल्यास लिहून देणार हे उभ्या पिकासह जागा विनातक्रार खाली करून देतील.

मी म्हटलं, "हे काढा."

"काकू, फॉर्मॅटच आहे तो. सगळे असंच करतात. काही होत नाही."

"काही होत नाही तर काढायला काय जातंय? हक्क नाही हे शंभर वेळा लिहा, मी शंभर सह्या देते. पण लावलेलं मी कापणार. कापल्यावर सांगा, त्याच दिवशी जाते."

काकी मधे पडली, "सही करून टाक गो बाय. माझा पोर काय तुला हाकलनार हाय?"

"काकी, माझा बाप पण हाकलणारा नव्हता."

मग त्यानं कागद उचलला. "जाऊ दे मग. आम्हालाच नको भानगड." मी उठले. चपला घातल्या. बाबा, मला ती जमीन हवी होती. रोपांच्या जागेवर राब भाजायची वेळ निघून चालली होती, बियाणं घरात आणून ठेवलेलं, या वयात दुसरी जमीन मला कोण देणार होतं? तरी मी अंगणात उतरले. फाटकापर्यंत गेले. मागून काकीचा आवाज आला, मुलावर खेकसली, "खोड रं ती ओल! उन्हाची बाई चाललीय." त्यानं ओळ खोडली, बाजूला सही केली. मी पण केली.

परत येताना नाक्यावर बसची वाट बघत उभी होते, आणि तिथे मला एक गोष्ट कळली, ती मी कोणाला सांगितलेली नाही. ह्यांनाही नाही. एवढी वर्षं मी आईला, नणंदांना, बिल्डिंगमधल्या बायकांना एकच सांगत आले: जमिनीचं काही नाही हो, बाबांनी नुसतं मागितलं असतं तर हसत सही दिली असती. बायका माना हलवतात, कोणाचे तर डोळे भरून येतात. खोटं आहे ते. तू मागितलं असतंस तर मी चष्मा लावून वाचलं असतं, नाही म्हटलं असतं आणि फाटकाबाहेर चालू पडले असते. तुझा सौदा मोडला असता. अख्ख्या घरात हे फक्त तुला माहीत होतं. मला ओळखणारा तू एकटाच होतास, आणि तू तेवढंच माझ्याविरुद्ध वापरलंस. आज तू असतास तर हे पत्र मी तुला दिलं नसतं. तुझा अंदाज बरोबर होता, हे तुला माझ्या तोंडून कधीच ऐकायला मिळायला नको.