उकिडवं बसणं

कराड, १२ नोव्हेंबर १९४८

डॉक्टरसाहेब,

माझ्या राहीच्या हृदयातला जन्माचा दोष तपासताना तुम्ही विचारलंत, "चालता चालता मध्येच उकिडवी बसते का?" मी "नाही" म्हणालो. "मग शाळेला चालत जाऊ द्या," म्हणालात.

बसायची, साहेब. वैद्यकाची अकरा पुस्तकं स्वतःच्या बळावर वाचलेल्या मी ती सवय आळस समजून छडीनं मोडली होती. रांगोळीचा मात्र तिला नाद. तासन्तास उकिडवी बसून काढायची, चालताना पडायचे तसे ओठ तेव्हा निळे पडत नसत. तरी मला उमगलं नाही.

काल शाळेच्या वाटेवर कोसळली. घरी धापा टाकत म्हणाली, "आबा, रांगोळी न्हाई काढत, नुसतं तसं बसू द्या. तवाच श्वास मिळतोय."

हे पत्र घेऊन दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन परतलो. ती विचारते, "डाक्तरांना कळवलं?" मी व्हय म्हणतो.

तुमच्यापुढं ताठ बसलेला,
सयाजी