भाकरी दिवस सांगते

आबा,

काल जळगावला शाळेत मुलींना तुमची ती गोष्ट सांगितली आणि घरी येऊन नुसती बसून राहिले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. आता रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

धुळ्याच्या घरी रविवारी सकाळी तुम्ही चुलीजवळ पाट टाकून बसायचात. हातात शाळेतून आणलेलं इंग्रजी पुस्तक, बाबिलोनकडच्या मातीच्या विटांवर सापडलेल्या कथेचं. मित्र मेल्यावर मरणाला भ्यालेला एक राजा अमरपण शोधत निघतो. तुम्हाला राजाचं कौतुक बेताचंच. 'हिंडतो फार, ऐकत कुणाचं नाही,' म्हणायचात. तुमचा जीव वाटेतल्या माणसांवर. घरी जा, पोराबाळांत राहा, असं त्याला बजावणारी समुद्रकाठची मद्य विकणारी बाई. मरणाच्या पाण्यातून होडी नेणारा नावाडी. आणि सगळ्यांत जास्त, ज्याच्याकडे राजा अमरपण मागायला पोचतो त्या अमर म्हाताऱ्याची बायको. म्हातारा राजाला म्हणतो, अमर व्हायचंय तर आधी सात दिवस जागा राहून दाखव. राजा बसल्याबसल्या झोपतो. उठल्यावर हा कबूल व्हायचा नाही, म्हणून म्हातारी रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. जागा झाल्यावर तो म्हणतो, आत्ताच तर डोळा लागला होता! समोर भाकऱ्या, पहिली वाळून खडखडीत, शेवटची अजून निखाऱ्यावर.

आई परातीतून हात न काढता विचारते, "त्या बाईनं नाव काय शे?"

पुस्तकात तिचं नाव दिलेलं नाही, तुम्ही म्हणता.

"बठ्ठास्ले नाव शे, भाकरी करनारीलेच नही? चांगला राजा शे तुमना!"

सगळ्यांना नाव आणि भाकरी करणारीलाच नाही, या तिच्या तक्रारीवर तुम्ही इतके हसता की चष्मा काढून डोळे पुसावे लागतात.

त्याच वर्षी तापाची साथ आली. तुम्ही सहा दिवस शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी आई त्याच तापाने गेली. घरात चूल पेटली नाही. शेजारच्या अक्का जेवण आणून देत. टोपलीत आईच्या हातची एक भाकरी उरली होती, ती मला टाकवेना. पंधरा वर्षांची होते मी.

तुम्ही डोळे उघडलेत. "किती वेळ झोपलो गं?"

"कालपासून."

अक्कांची भाकरी दुधात कुस्करून भरवली. एक घास घेऊन तुम्ही म्हणालात, "ही तुझ्या आईच्या हातची नाही."

आई माहेरी गेलीय, मामाला ताप आलाय, असं मी सांगितलं. तुमची नजर टोपलीकडे गेली. तुम्हीच शिकवलं होतं, भाकरी दिवस सांगते. पाणी आणायच्या निमित्ताने उठले, ती वाळलेली भाकरी पदराखाली घेतली आणि परसात गाईपुढे ठेवली.

पुढचे चार दिवस तुम्ही तिच्याबद्दलच बोलत होता. आली की तिला ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी करायला सांग. तिला म्हणावं, एवढ्या उन्हाची पायी येऊ नकोस. पाचव्या दिवशी तुम्हीही गेलात. पोरीने बापाला काय जपलं, असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मी खाली मान घालून ऐकून घेत असे.

हे पत्र ट्रंकेतच राहणार, म्हणून लिहिते. तुम्हाला जपायचं म्हणून मी खोटं बोलले नाही, आबा. आई गेल्यापासून सगळे तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत होते. ती येणार आहे, असं बोलणारे तुम्ही एकटेच उरला होता. मला ते ऐकत राहायचं होतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला तिच्याकरता रडू दिलं नाही.