अण्णांची चादर

प्रिय आई,
पाया पडते. अजून नीट वाकता येत नाही, म्हणून कागदावरूनच.

टाके सुकलेत. जिना चढताना आता एकदाच थांबते. तुझे गुडघे कसे आहेत?

हॉस्पिटलात सिस्टर चादर बदलायला मला उठवू लागल्या. मी म्हटलं, "उठवू नका, अर्धी गुंडाळा आणि मला कुशीवर वळवा." अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा आपण दोघी तसंच करायचो. "मला पार्सल करून कुठे पाठवताय?" म्हणायचे.

सिस्टरनी घरी सोडताना नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म हातात ठेवला. दिवसभर उभं राहणं झेपेल का, देव जाणे. तरी काल भरला.

'पूर्वानुभव' या रकान्यात लिहिलं: वडील, दोन वर्षं, आईच्या हाताखाली.

तुझी,
धाकटी