फाइलीत नसलेली कंपनी

मुलुंड (पूर्व), ३ ऑगस्ट २०२५

चि. सम्यक यास अ. आ. व सप्रेम जयभीम.

फोन बंद करून कपाटात ठेवलाय, म्हणून पत्र. पोलीस असल्याचं सांगून एकाने मला दोन तास व्हिडिओवर बसवून ठेवलं, तेव्हापासून मी कुणावरच विश्वास ठेवत नाही.

काल आमचा राजारामदादा, तुझा बाप, येऊन गेला. म्हणाला, तू एक सप्टेंबरला बँकेचा राजीनामा देणार आणि शेअरची खरेदी-विक्री कॉम्प्युटरवर सोपवणार. शिकलास कुठे, तर युट्यूबवर. आणि पंधरा वर्षांचे भाव त्या तुझ्या भागीदार मित्राने, मिथुनने फुकट दिले. अरे, वर्सोव्याची मासळीवाली पिशवीसुद्धा फुकट देत नाही. मला तो मुलगा पहिल्यापासून खटकतो. त्याचा यात काय फायदा, ते आधी शोध.

लोभ आहेच, पण आधी उत्तर पाठव.
तुझी लता आत्या

अंधेरी, ९ ऑगस्ट

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आई हसली. मला राग आला. चांगला डेटा विकत घ्यायची आमची ऐपत नाही, म्हणून मिथुन चार महिने खपला. आजच्या बाजारातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांची यादी घेतली आणि एकेकीचे जुने भाव शोधून फाइलीत भरले. मी विद्यापीठांची फुकट लेक्चरं ऐकून त्यावर प्रोग्राम लिहिला. तपासायचं काम माझं.

नियम साधा आहे. जो शेअर सगळ्यात जास्त पडला तो घ्यायचा आणि उठेपर्यंत थांबायचं. पंधरा वर्षांवर चालवून पाहिला. पडलेला प्रत्येक शेअर उठला गं, एकही बुडाला नाही. मी मिथुनलाही सांगितलं, आता संशयाला जागाच नाही. बँकेत सात वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासून जीव विटलाय माझा.

रागावू नकोस, माया असू दे.
सम्यक

मुलुंड, १४ ऑगस्ट

चि. सम्यक यास अ. आ.

एकही बुडाला नाही, हे मी तीनदा वाचलं. असं कुठे असतं का रे?

आमची भांडुपची पंपांची कंपनी तुला आठवत असेल. तुझे बाबा लेथवर, मी पॅकिंगला. तिचा शेअर होता. गेटवरचा नंदकिशोर वॉचमन रोज पेपरातून भाव वाचून दाखवायचा. २०१३ला भाव कोसळला, तेव्हा साहेब म्हणाले, घेऊन ठेवा, उठेल. दादाने घेतले. दोन वर्षांत गेटला टाळं लागलं आणि तो शेअर काही उठला नाही. आता तुझ्या फाइलीत ती कंपनी शोध. नसली तर मिथुनला विचार, का लपवलीस. मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय.

जिवाला जप. माझं ऐकलंस तर बरं वाटेल.
लता आत्या

अंधेरी, २१ ऑगस्ट

ती. आत्यास सविनय जयभीम.

कंपनी फाइलीत नाही. तशा बंद पडलेल्या आणखी बत्तीस शोधल्या, त्याही नाहीत. पण मिथुनने काही लपवलेलं नाही. आम्ही आजची यादी घेतली, म्हणजे ज्या जगल्या त्याच आल्या. मेलेल्या कंपन्या घालून नियम पुन्हा चालवला, तर पार वाट लागली. लिहून ठेवलेला राजीनामा मी फाडला.

आत्या, मिथुनने सोमवारीच नोकरी सोडली. त्याच्या बायकोला, चेतनाला सातवा महिना आहे आणि घरात कमावणारा तो एकटा. माझ्या शब्दावर सोडली त्याने. तीन दिवस त्याचे फोन येतायत, मी उचलत नाही. लाज वाटते.

काय करू, ते लिही.
सम्यक

मुलुंड, २३ ऑगस्ट

चि. सम्यक,

टपालाची वाट नको, म्हणून दादाच्या हाती देतेय. त्या पोरावर मी उगाच संशय घेतला, ते माझं चुकलं. उद्या रविवारी येते, दोघं त्याच्या घरी जाऊ. नोकरी परत मागता येते का, तेही एखाद-दोन दिवसांतच बघावं लागेल. मी शेजारी बसेन, बोलायचं तू. त्याने विचारलं की हे तुला कधी कळलं, तर खरा दिवस सांग.

फाइलीत कुणी काहीच लपवलं नव्हतं. लपवतोयस तो तूच.

तरीही तुझीच,
लता आत्या